डिस्नेच्या जत्रेला जाताना

माझ्या ओळखीच्या बेळगावकरांत, ज्या घरातले कोणीच परदेशी नाही असे घर आता शोधावे लागते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली म्हणजे आज ना उद्या आईवडिलांना बोलावणे येते, आणि आईवडील जाऊन आले म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक नायगाराचा आणि दुसरा डिस्नेचा. पाहून आलेली मंडळी मग फोटो दाखवतात. फोटोत निळ्या छपरांचा किल्ला असतो, मोठ्या कानांचा उंदीर असतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये दमलेल्या चेहऱ्याने हसणारी आपली माणसे असतात. ती इतकी का दमली, हे मात्र कोणी सांगत नाही.

२०२५ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी आई त्या ठिकाणी तीन दिवस होतो. माझा धाकटा भाऊ फ्लोरिडात टँपाला नोकरी करतो. तो, भावजय, बारा वर्षांची भाची, पाच वर्षांचा भाचा आणि आम्ही दोघी असा सहा जणांचा जथा होता. आईचे वय त्र्याहत्तर. तिचे गुडघे तिच्याहूनही दोन-चार वर्षांनी थोरले असावेत. परत आल्यापासून स्टाफरूममध्ये आणि वर्गात मला या जागेविषयी इतक्या वेळा विचारण्यात आले, की ते सारे एकदाचे लिहून टाकावे असे वाटले. तेव्हा वाचकहो, हे प्रवासवर्णन समजू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या उपयोगी पडाव्यात अशा व्यवहाराच्या चार गोष्टी आहेत.

कोणी विद्यार्थी म्हणेल, "बाई, आम्हाला बिडदीचे वंडरला परवडत नाही, तुम्ही फ्लोरिडाचे काय सांगता?" त्याचे म्हणणे खरे आहे. पण वंडरला असो, हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी असो, की आपली सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा असो. जिथे फार माणसे, फार ऊन आणि फार चालणे असते, तिथले नियम थोड्याफार फरकाने सारखेच असतात. फ्लोरिडात ते फक्त मोठ्या आकड्यांत पाहायला मिळतात.

आधी एक गल्लत दूर करतो. 'डिस्ने' म्हणून अमेरिकेत दोन वेगळी गावे आहेत. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली उघडले. फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. एक पश्चिम किनाऱ्याकडे, दुसरे पूर्वेकडे. मुलगा ज्या गावी असेल त्याप्रमाणे कुठले जवळ ते आधी पाहावे. मी लिहिते आहे ते फ्लोरिडातल्या, ऑरलँडो शहराजवळच्या डिस्नेविषयी. त्याचा पसारा सुमारे २५ हजार एकरांचा, म्हणजे जवळजवळ १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात एक नव्हे, चार मोठी उद्याने आहेत : १९७१ चे मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे स्टुडिओ (२००८ पासून त्याचे नाव हॉलिवूड स्टुडिओज), आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन जलक्रीडेची उद्याने, बाजारपेठ आणि वीसहून अधिक हॉटेले. एका उद्यानातून दुसऱ्यात जायचे तर बहुधा बसने किंवा गाडीने जावे लागते.

या जागेची जन्मकथा मला फार आवडली. वॉल्ट डिस्नेने १९६४-६५ मध्ये ही दलदलीची जमीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप विकत घेतली. कारण खरे नाव कळले असते तर भाव चढले असते. ऑक्टोबर १९६५ मध्ये नाव फुटले आणि भाव चढलेच. पण १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट वारला. तेव्हा इथे काहीच उभे राहिलेले नव्हते. त्याचा थोरला भाऊ रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होता. त्याने निवृत्ती पुढे ढकलली, काम तडीस नेले आणि धाकट्याचे नाव लोकांनी विसरू नये म्हणून नुसते 'डिस्ने वर्ल्ड' न ठेवता 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' असे नाव ठेवले. उद्यान उघडल्यावर तीनच महिन्यांच्या आत, २० डिसेंबर १९७१ रोजी, रॉयही गेला. ही हकीकत आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "थोरल्या भावाचं नाव कुठं लिहिलंय ते दाखव मला." मॅजिक किंगडममध्ये शिरल्यावर चौकात एका बाकावर रॉयचा पुतळा बसलेला आहे, शेजारी मिनी नावाची उंदरीण. आई तिथे दोन मिनिटे थांबली. नंतर किल्ल्यापुढच्या वॉल्टच्या पुतळ्याकडे तिने फारसे लक्ष दिले नाही.

आता व्यवहार. पहिली गोष्ट अशी, की एका दिवशी एकच उद्यान धरावे. एका माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाला शंभर डॉलरहून बरेच अधिक पडतात. म्हणजे आपले दहा हजार रुपये सहज जातात. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर तारखेप्रमाणे बदलतात. सुट्ट्यांत चढतात, शाळा चालू असताना उतरतात. तेव्हा तारीख हाती असेल तर ती आधी पाहावी, आणि तिकीट घरूनच काढावे. १९७१ साली मोठ्या माणसाचा प्रवेश साडेतीन डॉलर होता आणि प्रत्येक खेळाला वेगळे तिकीट फाडून द्यावे लागे. आता एकदा आत शिरले की खेळ मोकळे. आणि इथेच आपल्या माणसाची पंचाईत होते. एवढे पैसे भरले म्हणजे ते 'वसूल' झाले पाहिजेत, हा विचार दारातच डोक्यात शिरतो. माझ्या भावाने तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांचे वेळापत्रक केले होते. बिचाऱ्याला वर्षाची रजा ती किती, आणि आई इतक्या लांबून पुन्हा कधी येणार! त्याला तिला सगळे दाखवायचे होते. आईने ते वेळापत्रक चष्मा लावून नीट वाचले आणि विचारले, "ह्यात बसायचं कुठं लिहिलंय?"

या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी शोधले त्याचा दिवस चांगला जातो. पहिल्या दिवशी माझ्या फोनने साडेतेरा किलोमीटर चालणे मोजले. त्यामुळे नवे बूट घेऊन जाऊ नये. महिनाभर वापरलेले, पायाला सरावलेले बूट न्यावेत आणि पायमोज्यांचा एक जादा जोड पिशवीत ठेवावा. बायकांनी पंजाबी ड्रेस घालावा हे सोयीचे. आईने साडीच नेसली, पण पदर पिनांनी घट्ट बसवला आणि पायांत कापडी बूट घातले. बसण्याच्या जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवाव्यात. मॅजिक किंगडममध्ये 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' नावाचे एक नाट्यगृह आहे. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी ते प्रथम केले होते. त्यात रंगमंच जागच्या जागी राहतो आणि प्रेक्षकांची बैठकच गोल फिरते. गार हवेत वीसेक मिनिटे बसून एका कुटुंबाच्या घरात यंत्रे कशी कशी येत गेली ते पाहायचे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे स्वयंपाकघर पाहून आई म्हणाली, "आमच्याकडे रहाट पंच्याहत्तर सालापर्यंत होता." तरुण मंडळी असल्या ठिकाणांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, म्हणून तिथे रांग कमी असते. म्हाताऱ्या माणसांसाठी ही जागा लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट सकाळची. उद्यान नऊला उघडत असेल तर नवाला पोचणे म्हणजे उशिरा पोचणे होय. मॅजिक किंगडमची गंमत अशी, की गाडी लावण्याची जागा आणि उद्यानाचे दार यांच्यामध्ये एक मोठे तळे आहे. गाडी लावल्यावर मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जावे लागते. त्याआधी पिशव्यांची तपासणी. तेव्हा गाडीतळावर सव्वा-दीड तास आधी असावे. गाडी लावल्याबरोबर त्या रांगेच्या पाटीचा फोटो काढावा. संध्याकाळी हजारो गाड्यांत आपली पांढरी गाडी ओळखू येत नाही. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना उद्यानात अर्धा तास आधी सोडतात. उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत जेवढे पाहून होते तेवढे पुढे दुपारच्या चार तासांतही होत नाही. आम्ही त्या दोन तासांत मुलांच्या आवडीचे सारे उरकले. अ‍ॅनिमल किंगडममध्ये तर सकाळ अधिकच महत्त्वाची. तिथे उघड्या मोटारीतून आफ्रिकेतल्या जनावरांमधून फिरवून आणतात, आणि ऊन चढले की सिंहसुद्धा आपल्यासारखाच सावली धरून झोपतो.

तिसरी गोष्ट रांगेची. आणि डिस्ने म्हणजे निम्मी रांगच. प्रत्येक खेळाच्या दारावर किती मिनिटे थांबावे लागेल त्याची पाटी असते. तोच आकडा फोनवरही दिसतो. रांग अशी वळवून वळवून नेलेली असते, की पुढे किती माणसे आहेत ते कळू नये. आपल्याला पंढरपूरच्या दर्शनबारीची सवय आहे. आई एका कार्तिकीला अकरा तास उभी होती. त्यामुळे साठ मिनिटांची पाटी पाहून ती घाबरली नाही. पण दर्शनबारीच्या शेवटी विठोबा असतो, आणि इथे दोन-तीन मिनिटांचा खेळ असतो, हा फरक तिने बोलून दाखवलाच. रांग चुकवायची तर जादा पैसे भरून 'लाइटनिंग लेन' घेता येते. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना ती सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी फोनवरून घेता येते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात पैशाने वेळ विकत घेण्याचे उत्तम उदाहरण सापडेल. तिरुपतीला तीनशे रुपयांचे शीघ्र दर्शन आहे, त्याचीच ही भावंडे. माझा सल्ला विचाराल तर, दोनच दिवस असतील आणि बरोबर म्हातारे माणूस असेल तर एका दिवसापुरते घ्यावे. सकाळी लवकर उठणारे तरुण असतील तर त्यावाचून अडत नाही.

रांगेतही चांगले काही घडू शकते, हे सांगितले पाहिजे. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' म्हणून एक संथ बोटीचा खेळ आहे, त्यात देशोदेशींची बाहुलीमुले एकच गाणे गात असतात. त्या रांगेत आमच्या पुढे एक आजी होत्या. अंगावर इरकल साडी, पायांत पांढरे बूट. आईने क्षणभर पाहिले आणि सरळ विचारले, "याव ऊर री निम्दु?" त्या बागलकोटच्या निघाल्या. मग काय विचारता! गुडघे, सुना, नातवंडांची भाषा, इथे मिळणारे ज्वारीचे पीठ आणि त्याची भाकरी का मोडते, असे सगळे विषय झाले. आई कन्नड बोलता बोलता मराठीत शिरे, त्या मराठी समजून कन्नडमध्ये उत्तर देत. माझी भावजय धारवाडची; ती मधूनमधून दोघींना शब्द पुरवीत होती. चाळीस मिनिटांच्या त्या रांगेत कन्नड किती झाले आणि मराठी किती झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. निघताना दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले. त्या अजूनही बोलतात.

चौथी गोष्ट खाण्यापिण्याची. पुष्कळांना ठाऊक नसते, की उद्यानात आपले घरचे खाणे नेता येते. काचेची भांडी आणि दारू मात्र चालत नाही. भावजयीने मेथीचे पराठे, दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती. त्यामुळे सहा माणसांचे दोन वेळचे पैसे वाचले आणि आईच्या पोटाचीही काळजी मिटली. पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. झटपट खाण्याच्या दुकानांत मागितले तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. मागायला लाजू नये. शाकाहारी पदार्थ सगळीकडे असतात, पण 'शाकाहारी' एवढेच म्हणून थांबू नये. मांस, मासे, अंडे यांपैकी काय चालत नाही ते स्पष्ट सांगावे. आपली नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत असावीत. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचाराची खोली असते, ती सकाळीच नकाशावर पाहून ठेवावी. परदेशी जाताना आरोग्याचा विमा काढून जावे, हे तर डिस्नेला न जाणाऱ्यांनीही करावे.

पाचवी गोष्ट पावसाची. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमतात, गडगडाट होतो आणि तासभर सपाटून पाऊस पडतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे खेळ थांबवतात. अशा वेळी पुष्कळ माणसे घाईने घरची वाट धरतात. बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसाने असे कदापि करू नये! घरून दोन-दोनशे रुपयांचे पातळ रेनकोट न्यावेत. तिथे विकत घेण्याची गरज पडू नये. आम्ही ते अंगावर चढवून एका दुकानाच्या पागोळ्यांखाली उभे राहिलो. आई म्हणाली, "इरलं घेतल्यासारखं वाटतंय." पाऊस थांबला तेव्हा रस्ते निम्मे रिकामे झाले होते.

मुलांच्या बाबतीत तीन सूचना आहेत. वेगाच्या खेळांना उंचीची अट असते. कुठे ३८ इंच, कुठे ४४ इंच. घरीच भिंतीशी उभे करून मूल मोजावे आणि मगच कबूल करावे. दारात गेल्यावर नकार मिळालेल्या मुलाचे रडणे अख्ख्या रांगेला ऐकावे लागते. दुसरे, मूल बसू शकत नसेल तर एका मोठ्याने त्याच्याजवळ थांबावे. पहिला उतरून आला की थांबलेल्याला पुन्हा सगळी रांग न लावता सोडतात. ही सोय दारावरच्या माणसाला विचारून घ्यावी. तिसरे, सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढावा आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. चुकलेच तर नावाचा बिल्ला लावलेल्या माणसाकडे जायचे, हे शिकवावे. तिथल्या प्रत्येक नोकराच्या बिल्ल्यावर त्याचे नाव असते आणि त्याखाली गावही असते. आमचा भाचा दिवसभर बिल्ले वाचून गावांची नावे गोळा करीत होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती सांगते. उद्यानाच्या दाराशीच चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. सकाळी लवकर गेले तर मिळतात, उशिरा गेले तर संपलेल्या असू शकतात. भावाने एक खुर्ची घेतली. आई म्हणाली, "मला नको ते." भावाने समजावले, भाचीने समजावले, भावजयीनेही "अहो आई, थोडा वेळ तरी बसा" म्हणून पाहिले. आईचे उत्तर तेच. आमच्या अप्पांचे शेवटचे आठ महिने चाकाच्या खुर्चीत गेले होते, आणि ती खुर्ची आमच्या माडीखालच्या खोलीत अजून घडी करून ठेवलेली आहे. आईने ते बोलून दाखवले नाही. आम्हीही बोललो नाही. भाऊ खुर्ची परत करायला निघाला, तेव्हा पाच वर्षांचा भाचा तिच्यात जाऊन बसला आणि म्हणाला, "आजी, मला ढकल." आई ढकलू लागली. तिला आधाराला मुठी मिळाल्या, चाल सरळ झाली. अकरा वाजेपर्यंत तिने त्याला तसेच फिरवले. मग भाची बसली. मग मीही बसले. माझेही पाय भरून आले होते, आणि खरे सांगायचे तर बसून जाताना दिसणारा रस्ता वेगळाच असतो. दुपारी भाचा पुन्हा खुर्चीजवळ आला, आजीकडे पाहून म्हणाला, "आता तुझा नंबर." आई थोडा वेळ उभी राहिली. पिशवी मांडीवर घेतली आणि बसली. ढकलायला भाऊ पुढे आला तर म्हणाली, "हळू. त्यांना घाईनं नेलेलं आवडत नसे."

वाचकहो, ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांना एवढेच सांगते, की अशा ठिकाणी चाकाची खुर्ची घेणे म्हणजे माणूस अधू झाले असे नव्हे. तिथे धडधाकट दिसणारी शेकडो माणसे ती वापरतात. खुर्ची घेतली म्हणून रांग चुकत नाही, पण बऱ्याच ठिकाणी खुर्चीसकट रांगेत जाता येते. 'तुला चालवत नाही, तू बस' असे मात्र म्हणू नये. खुर्ची सगळ्यांची ठेवावी. दुसऱ्या उद्यानात गेलो तेव्हा आईने दारात शिरल्याबरोबर स्वतःच विचारले, "गाडी घेतली का रे?" तिने तिला 'गाडी' म्हणायला सुरुवात केली होती.

खुर्ची आल्यावर भावाचे वेळापत्रक आपोआप कोलमडले, आणि मग त्याचाही चेहरा मोकळा झाला. आम्ही पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम आणि तिसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम पाहिले. मधला दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाशी रिकामा काढला. एपकॉट आणि स्टुडिओ पाहिलेच नाहीत. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे आहेत. त्यांत जपान आहे, मोरोक्को आहे, भारत नाही. पण भारताची हौस अ‍ॅनिमल किंगडममध्ये भागते. तिथे 'आनंदपूर' नावाचे एक काल्पनिक गाव रचले आहे, जुन्या राजवाड्याच्या पडक्या भिंती आहेत आणि त्यांच्या आड वाघ फिरत असतात. आईने त्या भिंतीला हात लावून पाहिला. "हे नवं बांधून जुनं केलंय होय?" मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या किल्ल्याला कुणी काही केलं नाही, तरी झाला जुना."

शेवटी रात्रीची एक गोष्ट. मॅजिक किंगडममध्ये रात्री उशिरा किल्ल्यावर दारूकाम होते आणि ते पाहण्यासारखे आहे. पण सकाळी आठला आलेले म्हातारे माणूस आणि पाच वर्षांचे मूल तिथपर्यंत टिकत नाही. म्हणून दुपारी बाहेर पडावे, हॉटेलात जाऊन दोन तास झोपावे आणि सूर्य कलल्यावर परत यावे. त्याच तिकिटावर त्याच उद्यानात पुन्हा सोडतात. दारूकाम संपले की सारी गर्दी एकदम बोटींकडे आणि मोनोरेलकडे लोटते. आपण लोटू नये. आम्ही एका बाकावर अर्धा-पाऊण तास बसून राहिलो. भाचा मांडीवर झोपला होता. आई आणि भाऊ लहानपणीच्या गोष्टी बोलत होते. पुष्कळशा मला ठाऊक असलेल्या, एक-दोन नव्या. त्या तीन दिवसांत मुलाशी इतके निवांत बोलणे तिला पहिल्यांदाच मिळाले. गर्दी ओसरली आणि मग आम्ही निघालो.

तेव्हा जाणाऱ्यांनी असे करावे. तिकिटे काढण्यापूर्वी घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला विचारावे, की तुम्हाला तिथे एकच गोष्ट मिळायची असेल तर ती कोणती. आमच्या आईने दारूकाम सांगितले होते, भाच्याने हत्ती. ती दोन नावे कागदावर वर लिहावीत, आणि बाकीच्यांचे बेत त्यांच्याखाली बसतील तेवढेच बसवावेत. जे राहील ते राहू द्यावे. १०० चौरस किलोमीटर कोणालाच पुरे होत नाही. आणि बूट जुने न्यावेत, हे पुन्हा एकदा सांगते.